अश्रफची छावणी आणि आश्रयाचें वचन

शिबि राजाची कथा महाराष्ट्रांतील घराघरांत मुलांना सांगण्यांत येते. ससाण्याच्या भयानें मांडीवर येऊन पडलेल्या कबुतराला राजानें अभय दिलें, आणि ससाण्यानें आपल्या भक्ष्यावरील हक्क पुढें करतांच स्वतःच्या देहाचें मांस कापून तराजूंत घातलें. या कथेंतील एका बारकाव्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. कबुतर चांगलें होतें कीं वाईट, त्यानें पूर्वीं कोणाच्या शेतांतील दाणे टिपले होते, याची चौकशी राजा करीत नाहीं. तें शरण आलें, त्याला अभय दिलें, एवढ्यावर राजाचें कर्तव्य ठरतें. दुसरें असें कीं, अभय देणारा एकच आहे आणि तो तेथें हजर आहे. 'हें काम माझें नव्हे, शेजारच्या राजाचें,' असें म्हणण्याची सोय त्याला नाहीं.

आधुनिक जगांत आश्रयाचें वचन राष्ट्रें देतात, आणि तें करारनाम्यांच्या कलमांनीं देतात. हें वचन कोठें ढिलें पडतें आणि कोणत्या परिस्थितींत पाळलें जातें, हें समजून घेण्यास इराकमधील अश्रफ नांवाच्या छावणीचा १९८६ ते २०१६ या तीस वर्षांचा इतिहास फार उपयोगी आहे.

निर्वासित हा शब्द मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी कुटुंबांमुळें तो घरगुती बोलण्यांत रुळला. परंतु सर्वच निर्वासितांचें दुःख एका जातीचें नसतें. महापुरानें उठलेला मनुष्य पाणी ओसरतांच घरीं जाऊं शकतो. युद्धामुळें पळालेला मनुष्य तह झाल्यावर परतण्याची आशा धरतो. राजकीय मतांमुळें परागंदा झालेल्याचें तसें नाहीं. त्याच्या भयाचें कारण त्याच्या देशाचें सरकारच असतें. म्हणून त्याला 'घरीं पाठविणें' याचा अर्थ त्याला त्याच्या शत्रूच्या हवालीं करणें असा होतो. शिवाय त्याचा शत्रु सीमेपलीकडे स्वस्थ बसून राहत नाहीं. आश्रय देणाऱ्या राष्ट्राशीं तो व्यापार करतो, तह करतो, त्या राष्ट्रावर दडपण आणतो. आणि त्या वाटाघाटींत परागंदा माणसांची छावणी ही देवघेवीची वस्तु होऊन बसते.

अशा माणसाला परत लोटूं नये, हा आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक मूलभूत नियम आहे. त्यामागें दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीची एक कटु आठवण आहे. फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें दोस्त राष्ट्रांनीं परस्परांचे सुटलेले नागरिक परत करण्याचें ठरविलें. त्याची अंमलबजावणी करतांना ऑस्ट्रियांत, ड्राव्ह नदीच्या कांठच्या लिएंट्स गांवाजवळ, ब्रिटिश सैन्याच्या ताब्यांत असलेले हजारों कोसॅक सोव्हिएट अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यांत आले. त्यांतील बहुतेक पुरुष जर्मनीच्या बाजूनें लढले होते. त्यांच्याविषयीं कोणाला सहानुभूति वाटावी अशी स्थिति नव्हती. परंतु त्यांच्यासमवेत बायका-मुलें होतीं, आणि १९२० च्या सुमारास रशिया सोडून गेलेले, सोव्हिएट नागरिकत्व कधींच न घेतलेले वृद्धहि होते. याल्टाचा करार या वृद्धांना लागूच पडत नव्हता. तरी तेहि गेले. सेनानी प्योत्र क्रास्नोव्ह हे त्यांपैकींच एक. जानेवारी १९४७ मध्यें त्यांना मॉस्को येथें फांशी देण्यांत आली. अधिकाऱ्यांना एका परिषदेला न्यावयाचें आहे, संध्याकाळपर्यंत सर्व जण परत येतील, असें सांगून गाड्यांत बसविण्यांत आलें होतें. १ जून १९४५ रोजीं मागें राहिलेला समुदाय प्रार्थनेला उभा असतां सैनिकांनीं बंदुकींचे दस्ते व दंडुके चालवून माणसांना मालमोटारींत कोंबलें. कांहींनीं नदींत उड्या टाकल्या.

अशा प्रसंगांचा परिणाम होऊन १२ फेब्रुवारी १९४६ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें ठराव केला कीं, मायदेशीं परतण्यास सबळ कारणें दाखवून नकार देणाऱ्या निर्वासितावर परतण्याची सक्ति करूं नये. हें तत्त्व महाराष्ट्राच्या भूमीवरहि प्रत्यक्षांत आलेलें आहे. कोल्हापूरजवळील वळिवडे येथें १९४३ पासून सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते, व त्यांत स्त्रिया आणि मुलें यांचा भरणा होता. सोव्हिएट रशियानें हद्दपार केलेलीं हीं माणसें इराणमार्गें हिंदुस्थानांत पोंचलीं होतीं. युद्ध संपलें तेव्हां पोलंडवर साम्यवादी राजवट आली होती, आणि अनेकांची मूळ गांवें तर सोव्हिएट हद्दींत गेलीं होतीं. १९४८ सालीं वळिवड्याची छावणी बंद झाली. कांहीं जण पोलंडला परतले. परंतु पुष्कळांनीं ब्रिटन व अन्य देशांचा मार्ग धरला. छावणी बंद करणें आणि आश्रय बंद करणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें या उदाहरणावरून स्पष्ट होतें.

पुढें हें तत्त्व कायद्यांत उतरलें. युद्धकाळीं नागरिकांच्या संरक्षणासंबंधींच्या १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा करारांतील ४५ व्या कलमानें असें बंधन घातलें कीं, राजकीय मतांमुळें किंवा धर्मश्रद्धेमुळें छळ होण्याची भीति जेथें आहे, अशा देशाच्या स्वाधीन कोणाहि संरक्षित व्यक्तीस करूं नये. त्याच कराराच्या ४९ व्या कलमानें व्याप्त मुलखांतून सक्तीनें केलेल्या स्थलांतरास मनाई केली. १९५१ च्या निर्वासितविषयक करारांतील ३३ वें कलम हें परत न लोटण्याच्या नियमाचें मुख्य कलम होय. त्यांत देशाच्या सुरक्षिततेस धोका असलेल्या व्यक्तीपुरता अपवाद ठेवला आहे. परंतु छळाविरुद्धच्या १९८४ च्या करारानें, जेथें शारीरिक छळाचा खराखुरा धोका असेल तेथें, तोहि अपवाद ठेवला नाहीं. म्हणजे ज्याच्याविषयीं समाजाला प्रेम नाहीं त्यालाहि छळाच्या तोंडीं देतां येत नाहीं. या नियमाची खरी कसोटी अप्रिय माणसांच्या बाबतींतच लागते. आणि अश्रफमधील माणसें तशींच होतीं.

इराणी मुजाहिदीन-ए-खल्क ही संघटना १९६५ सालीं शहाच्या राजवटीविरुद्ध स्थापन झाली. इस्लाम आणि समाजवाद यांचा मेळ घालूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची ती संघटना होती. १९७९ च्या क्रांतींत तिनें भाग घेतला. परंतु लवकरच खोमेनी यांच्या सत्तेशीं तिचें फाटलें, आणि जून १९८१ नंतर उभय पक्षांत रक्तरंजित संघर्ष सुरू झाला. संघटनेचे नेते मसूद रजवी पॅरिसला गेले. १९८६ सालीं फ्रान्सनें त्यांना देश सोडावयास लाविलें, तेव्हां ते इराकला आले. इराकचे इराणशीं युद्ध चालूं होतें, आणि सद्दाम हुसेन यांना इराणचे शत्रु हवेच होते. बगदादच्या उत्तरेस दियाला प्रांतांत, खालिस शहराजवळ, ओसाड माळावर त्यांना जागा मिळाली. १९८२ सालीं तेहरानमध्यें मारल्या गेलेल्या रजवी यांच्या पत्नी अश्रफ यांचें नांव त्या जागेला देण्यांत आलें. तेथें रस्ते, बागा, मशीद, इस्पितळ, दफनभूमि असें एक लहानसें शहरच उभें राहिलें.

१९८८ च्या जुलैमध्यें, इराणनें युद्धबंदी मान्य केल्यानंतर, या संघटनेच्या सैन्यानें सीमा ओलांडून इराणवर चढाई केली. ती पूर्णपणें फसली. त्यापाठोपाठ इराणच्या तुरुंगांत हजारों राजकीय कैद्यांना ठार मारण्यांत आलें. त्यांतील बहुसंख्य याच संघटनेचे होते, आणि कित्येकांची शिक्षा भोगून संपत आली होती. अश्रफमधील मनुष्यास इराणला परत पाठविल्यास काय घडेल, या प्रश्नाचें उत्तर त्या उन्हाळ्यांतच मिळालेलें होतें.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. शत्रूच्या बाजूनें मायदेशाविरुद्ध लढल्यामुळें इराणी जनतेंतील पुष्कळांच्या मनांतून ही संघटना उतरली. १९९१ च्या उठावांत सद्दामच्या सैन्याला तिनें साह्य केलें, असा आरोप इराकी शिया व कुर्द यांनीं केला. संघटनेनें तो नाकारला. अमेरिकेनें १९९७ सालीं तिचें नांव दहशतवादी संघटनांच्या यादींत घातलें. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें २००५ सालीं माजी सभासदांच्या साक्षी प्रसिद्ध केल्या. बाहेर पडूं इच्छिणाऱ्यांना छावणींतच कोंडून ठेवण्यांत आलें व त्यांचा छळ झाला, असें त्यांत होतें. संघटनेनें हेहि आरोप फेटाळले. तात्पर्य, येथें निष्पाप कबुतराची गोष्ट नव्हती. परंतु एवढ्यावरून तीन-साडेतीन हजार स्त्रीपुरुषांना फांसावर पाठवावें असें सिद्ध होत नाहीं. त्यांत सुमारें एक हजार स्त्रिया होत्या, आणि प्रत्येकाची जबाबदारी वेगवेगळी होती. सर्वांना एकच शिक्षा हा न्याय नव्हे.

२००३ च्या वसंत ऋतूंत अमेरिकेनें इराक जिंकला. संघटनेनें युद्धबंदी स्वीकारली, आपले रणगाडे व तोफा अमेरिकन सैन्याच्या ताब्यांत दिल्या, आणि सुमारें ३,८०० माणसें अश्रफमध्यें एकत्र आणण्यांत आलीं. त्याच डिसेंबरांत इराकच्या शासकीय मंडळानें त्यांना देशाबाहेर घालविण्याचा ठराव केला. अमेरिकेनें तो अंमलांत येऊं दिला नाहीं, आणि जुलै २००४ मध्यें छावणींतील रहिवाशांना चौथ्या जिनीव्हा कराराखालीं संरक्षित व्यक्ति म्हणून मान्यता दिली. ज्या संघटनेला हें सरकार दहशतवादी म्हणत होतें, तिच्याच माणसांना तें आतां संरक्षित म्हणूं लागलें. या विसंगतीचें फळ पुढें दिसलें. यादींतील शिक्क्यामुळें युरोप-अमेरिकेचीं दारें या माणसांना बंद राहिलीं, आणि छावणींत राहण्यावांचून त्यांना गत्यंतर उरलें नाहीं. थोडे लोक रेड क्रॉसच्या मध्यस्थीनें स्वखुषीनें इराणला परतले. बाकीचे पांच वर्षें अमेरिकन पहाऱ्यांत राहिले.

१ जानेवारी २००९ पासून इराक व अमेरिका यांच्यामधील नवा करार अंमलांत आला, आणि छावणीचा ताबा इराकी सरकारकडे गेला. रहिवाशांना माणुसकीनें वागवूं, अशी लेखी हमी इराकनें अमेरिकेला दिली होती. हा प्रसंग या सर्व इतिहासांतील कळीचा होय. पहारा बदलला, किल्ल्या बदलल्या. परंतु आश्रयाचें वचन त्यांच्यासमवेत नव्या रखवालदाराकडे गेलें नाहीं. जुना रखवालदार म्हणूं लागला कीं, आतां जबाबदारी बगदादची. बगदादचें म्हणणें असें कीं, हीं माणसें आम्हीं बोलाविलेलीं नाहींत. तीं एका पदच्युत जुलमी राजाचीं पाहुणीं आहेत. इराकचे नवे राज्यकर्ते स्वतः सद्दामच्या काळीं इराणच्या आश्रयाला राहिलेले. त्यांचें शेजारधर्माचें गणित अगदीं निराळें होतें.

२८ जुलै २००९ रोजीं छावणींत पोलीस ठाणें उघडण्याच्या निमित्तानें इराकी दळें आंत शिरलीं. अकरा रहिवासी मरण पावले, शेंकडों जखमी झाले. छत्तीस जणांना धरून नेण्यांत आलें. न्यायाधीशांनीं सुटकेचे आदेश देऊनहि ऑक्टोबरपर्यंत त्यांची सुटका झाली नाहीं. डिसेंबरमध्यें पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांनीं रहिवाशांना दक्षिणेकडील वाळवंटांत, नुक्रत अस-सलमान येथें हलविण्याचा विचार जाहीर केला. हें स्थळ जुन्या राजवटींत राजबंद्यांच्या तुरुंगासाठीं कुप्रसिद्ध होतें. १९८८ सालीं हजारों कुर्द कुटुंबें तेथें डांबण्यांत आलीं होतीं. तो बेत तडीस गेला नाहीं. परंतु छावणीभोंवतीं ध्वनिक्षेपक लावून रहिवाशांना दिवसरात्र धमक्या ऐकविणें सुरू झालें. ८ एप्रिल २०११ रोजीं पुन्हां सैन्य आंत घुसलें. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्ले यांनीं निदान ३४ मृत्यु झाल्याचें सांगून चौकशीची मागणी केली. मृतांत स्त्रियाहि होत्या. त्या वर्षाच्या अखेरीस छावणी बंद होईल, असें इराकी सरकारनें बजावलें.

या ठिकाणीं कायद्याची एक मर्यादा स्पष्ट होते. परत न लोटण्याचा नियम सीमेपलीकडे पाठविण्याला लागू पडतो. देशांतल्या देशांत एका जागेवरून दुसरीकडे हलविण्याला तो सरळ लागू पडत नाहीं. असें हलविणें प्रत्येक वेळीं अन्यायाचेंच असतें, असेंहि नाहीं. आफ्रिकी राष्ट्रांच्या १९६९ च्या निर्वासितविषयक करारांत, सुरक्षिततेसाठीं निर्वासितांना मूळ देशाच्या सीमेपासून पुरेशा अंतरावर वसवावें, असें कलमच आहे. मग योग्य स्थलांतर कोणतें आणि बळजबरीचें कोणतें? ज्याला हलवावयाचें त्याला खरी माहिती मिळाली काय, त्याची संमति धाकाशिवाय घेतली काय, नवी जागा जुनीपेक्षां अधिक सुरक्षित आहे काय, आणि तेथून पुढें जाण्याची वाट आहे काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर तें ठरतें. लिएंट्सच्या अधिकाऱ्यांचीहि जागाच बदलावयाची होती, असें त्यांना सांगण्यांत आलें होतें.

सप्टेंबर २०११ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयानें एक महत्त्वाचें पाऊल उचललें. अर्ज केलेले रहिवासी हे आश्रयार्थी आहेत, आणि निर्णय होईतोंपर्यंत त्यांना संरक्षण मिळालें पाहिजे, असें त्यानें जाहीर केलें. एक अडचण मात्र होती. हातीं शस्त्र असलेला सैनिक निर्वासित ठरत नाहीं. त्यानें शस्त्र कायमचें खालीं ठेवलें आहे, अशी खात्री व्यक्तिशः करून घ्यावी लागते. म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र व खासगी मुलाखत आवश्यक होती. या मुलाखतींमुळें दुहेरी लाभ होणार होता. सरकारच्या धाकापासून मनुष्य मोकळा होई, आणि स्वतःच्या संघटनेच्या वरिष्ठांच्या नजरेबाहेर येऊन 'मला खरोखर कोठें जावयाचें आहे' हें त्याला सांगतां येई.

२५ डिसेंबर २०११ रोजीं इराक आणि संयुक्त राष्ट्रें यांच्यांत करार झाला. त्याप्रमाणें रहिवाशांनीं बगदाद विमानतळाजवळील लिबर्टी नांवाच्या जुन्या अमेरिकन तळावर तात्पुरतें जावें आणि तेथून त्यांना परदेशीं पाठवावें, असें ठरलें. संघटनेचें नांव यादींतून काढावयाचें किंवा नाहीं, हें ठरवितांना रहिवाशांच्या या सहकार्यास मोठें महत्त्व दिलें जाईल, असें अमेरिकेनें सुचविलें. १८ फेब्रुवारी २०१२ रोजीं सुमारें चारशें जणांची पहिली तुकडी निघाली. सप्टेंबरपर्यंत बहुतेक सर्व गेले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेनें नांव वगळलें. मालमत्तेची निरवानिरव करण्यासाठीं सुमारें शंभर जण अश्रफमध्यें मागें राहिले.

नवी जागा अधिक सुरक्षित निघाली नाहीं. अश्रफच्या मानानें ती अतिशय अरुंद होती, आणि बाहेर जाण्यायेण्यास मुभा नव्हती. मनमानी स्थानबद्धतेचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटानें ही स्थिति स्थानबद्धतेचीच आहे, असें मत दिलें. ९ फेब्रुवारी २०१३ रोजीं पत्र्याच्या खोल्यांवर रॉकेटें येऊन पडलीं. कांहीं मेले, पुष्कळ जखमी झाले. त्यानंतरहि असे हल्ले होत राहिले. इकडे अश्रफमध्यें मागें राहिलेल्या शंभरांवर १ सप्टेंबर २०१३ रोजीं पहांटे सशस्त्र माणसें चालून आलीं. दुसऱ्या दिवशीं तेथें गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकानें बावन्न प्रेतें पाहिलीं. बहुतेकांना डोक्यांत किंवा छातींत गोळ्या लागल्या होत्या. कित्येकांचे हात बांधलेले होते. सात जण बेपत्ता झाले. इराकी सरकारनें आपला संबंध नाकारला. वांचलेल्या बेचाळीस जणांना लिबर्टीला नेण्यांत आलें, आणि अश्रफची छावणी रिकामी झाली.

संरक्षणाचा शेवट चांगला झाला तो तिसऱ्या देशामुळें. २०१३ सालीं अल्बेनियानें प्रथम २१० जणांना घेण्याचें मान्य केलें. हा युरोपांतील एक लहान व गरीब देश. परंतु पाहुण्याला दिलेला शब्द, ज्याला ते लोक 'बेसा' म्हणतात, तेथें फार मोठा मानतात. दुसऱ्या महायुद्धांत तेथें लपलेल्या ज्यू लोकांची संख्या युद्धाअखेर पूर्वींपेक्षां वाढलेली होती. जर्मनी आदि देशांनींहि कांहीं जणांना घेतलें. तरी वाट लांबली. २९ ऑक्टोबर २०१५ च्या रॉकेट हल्ल्यांत लिबर्टींत वीसाहून अधिक माणसें मेलीं. शेवटीं ९ सप्टेंबर २०१६ रोजीं अखेरची तुकडी अल्बेनियाला रवाना झाली. सुमारें तीन हजार माणसें जिवंत बाहेर पडलीं, आणि इराणच्या स्वाधीन करण्याचें संकट टळलें. आश्रयाची किंमत अल्बेनियालाहि द्यावी लागली. जुलै २०२२ मध्यें त्याच्या सरकारी संगणकव्यवस्थेवर मोठा हल्ला झाला. तो इराणनें केला असा आरोप ठेवून सप्टेंबरमध्यें अल्बेनियानें त्या देशाशीं राजनैतिक संबंध तोडले. इराणनें आरोप नाकारला. पाहुण्यांशींहि खटके उडाले. जून २०२३ मध्यें अल्बेनियाच्याच पोलिसांनीं त्यांच्या वसाहतीची झडती घेतली. तरीहि त्यांना परत पाठविण्यांत आलें नाहीं. पाहुण्यांनीं देशाचे कायदे पाळावे असा आग्रह धरणें, आणि त्यांना त्यांच्या शत्रूच्या हातीं देणें, यांतील भेद तेथें राखला गेला.

या इतिहासांतून कांहीं गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी कीं, छावणीचा रखवालदार बदलतो तो क्षण सर्वांत धोक्याचा असतो. जाणाऱ्यानें नुसती हमी घेऊन निघून जाऊं नये. हमी मोडल्यास कोण विचारील, कोणत्या उपायानें विचारील, हें ठरल्याशिवाय ताबा देणें म्हणजे जबाबदारी टाकणें होय. दुसरी अशी कीं, तटस्थ साक्षीदार कायम हजर असला पाहिजे. अश्रफमधील तिन्ही मोठे हत्याप्रसंग असे साक्षीदार आंत वस्तीला नसतांना घडले. तिसरी गोष्ट म्हणजे संघटनेचा शिक्का बाजूस ठेवून एकेका माणसाचा विचार झाला पाहिजे. तो सात वर्षें आधीं झाला असता तर कित्येक प्राण वांचले असते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, जोंवर दुसरा देश दार उघडीत नाहीं, तोंवर छावणी कितीहि हलविली तरी संकट हलत नाहीं. 'परत पाठवूं नका' असें इतरांस सांगणारीं राष्ट्रें स्वतः कोणालाच घेत नसतील, तर तो उपदेश फार स्वस्तांत पडतो.

हा प्रश्न भारताला परका नाहीं. भारतानें १९५१ च्या करारावर सही केलेली नाहीं. इराकनेंहि केलेली नाहीं. परंतु १९९६ सालीं अरुणाचल प्रदेशांतील चकमा लोकांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें दिलेला निकाल येथें मार्गदर्शक आहे. कापताई धरणानें व दंग्यांनीं उठलेल्या या लोकांना १९६४ च्या सुमारास सरकारनेंच तेथें वसविलें होतें. पुढें स्थानिक संघटनांनीं त्यांना निघून जाण्याची मुदत घातली. न्यायालयानें राज्य सरकारला बजाविलें कीं, जीवित व स्वातंत्र्य यांचें संरक्षण घटनेनें नागरिकांपुरतें मर्यादित ठेवलेलें नाहीं. तें प्रत्येक मनुष्याला आहे, आणि जमावाच्या धमकीनें कोणाला घराबाहेर काढूं देतां येणार नाहीं. त्यापूर्वीं केंद्र सरकारनेंच या लोकांना वसविलें होतें, हें राज्याला नाकारतां आलें नाहीं. वचन देणारें सरकार आणि तें निभावणारें सरकार निरनिराळें असलें, तरी वचन तेंच राहतें, असा याचा अर्थ.

जगाच्या कोणत्या ना कोणत्या भागांतून, अमुक छावणींतील निर्वासितांना 'सुरक्षित स्थळीं हलविण्यांत आलें', अशी दोन ओळींची बातमी वर्तमानपत्रांत नेहमीं येते. वाचणारा तिच्यावरून नजर फिरवून पुढें जातो, कारण शब्द सौम्य असतात. अशा वेळीं सुशिक्षित वाचकानें चार प्रश्न मनाशीं विचारावे : त्या माणसांना विचारलें काय? तेथें पाहणारा त्रयस्थ कोण होता? नव्या जागेची जबाबदारी कोणीं नांवानिशीं स्वीकारली? आणि तेथून पुढें त्यांना कोण घेणार आहे? अश्रफच्या बाबतींत या चारहि प्रश्नांचीं उत्तरें मिळण्यास २००३ पासून २०१६ पर्यंत तेरा वर्षें लागलीं, आणि त्या काळांत शंभराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.